मंडळीचं नाव

८ नोव्हेंबर, शुक्र.

घरात आलं: घाटघरचा इंद्रायणी तांदूळ १० किलो, ६५०. दुकानापेक्षा स्वस्त आणि खडा नाही. दिव्याचं तेल १ लि., १४०. वाती घरच्या. मामांचा हयातीचा दाखला, अंगठा यंत्रावर, ५०. त्याच कॉम्प्युटरवाल्यानं पेन्शनचा उताराही छापून हातात ठेवला, १० रु. मी म्हटलं, भाऊ, नको, दहा रुपये उगाच. तर म्हणाला, "वहिनी, वाचून बघा एकदा. लई लोकांच्या चुका निघतात."

दुपारी भांडी आवरल्यावर वाचला. सगळं इंग्रजी. बोट ठेवून वाचलं, मॅट्रिकचं इंग्रजी तेवढ्यापुरतं उरलंय. मामांचं नाव बरोबर. नंबर बरोबर. पायदळ, हवालदार, बरोबर. जन्मतारीख एक जून, ती त्यांच्या पिढीत सगळ्यांचीच.

खाली पत्नीचं नाव. तिथं सासूबाईंचं यशोदा नाही. मंडाली.

परत वाचलं. अक्षर न् अक्षर. मंडाली.

आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, काही बोलले नाही. कागद देवघरात पोथीखाली सरकवला.

९ नोव्हें., शनि.

ह्यांना सांगितलं. आधी हसले. मग हसायचे थांबले. "दादा तिकडं पंजाबात चार वर्षं होते..." वडलांबद्दल एवढंच म्हणाले, आणि वाक्य तिथंच टाकून कांद्याच्या रोपाला पाणी द्यायला गेले. विचारायचं कुणी? हे म्हणतात मी नाही. सुनेनं सासऱ्याला कसं विचारावं, मामा, तुमची आणखी कुणी होती का म्हणून.

कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. त्यानं सरळ सांगितलं. नाव जुळलं नाही तर मामांच्या मागं आत्यांना पेन्शन लागायची नाही, फौजेच्या लेखी त्या त्यांच्या कुणीच नाहीत. दुरुस्ती मामांच्या सहीनं, मामा असतानाच. "नंतर बायका कागद घेऊन नुसत्या फिरत्यात, वहिनी."

मामांना आज पहाटेपासून खोकला.

१० नोव्हें., रवि.

झालं. आत्यांना कागद सापडला. देव घासताना. वाचता येत नाही पण शिक्का ओळखतात. "ह्ये काय गं सुमन?" खोटं बोलता आलं नाही, हातात समई होती.

घासलेले देव जागेवर मांडले. मग म्हणाल्या, "मंडाली. पंजाबी आसंल. उंच आसत्यात त्या."

जेवताना मामांपुढं ताट ठेवलं आणि मला म्हणाल्या, "सुमन, त्यांना इचार, भाकरी पायजे का." मामा हातभर अंतरावर. मामा म्हणाले, "तिला म्हनावं, अर्धी." मला कळेना कुणीकडं बघून हसू दाबायचं. हसण्यासारखं नाही खरं तर. लग्नाला त्रेपन्न वर्षं झाली.

१२ नोव्हें., मंगळ. एकादशी.

उपास. वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी. आत्या देवळात दोन तास बसल्या, विठोबाला काय सांगितलं त्यांनाच ठाऊक. अबोला चालूच. मामांना कमी ऐकू येतं, त्यामुळं अर्धा अबोला त्यांना कळतच नाही. "हिचा आज बोलायचाबी उपास हाय का?"

तरी आलं-तुळशीचा काढा आत्यांनीच उकळला. माझ्या हातात पेला दिला. "दे त्यांना. म्हनावं, मंडालीनं धाडलाय."

मामांनी ऐकलं की नाही कोण जाणे. काढा प्यायले.

१४ नोव्हें., गुरु.

गिरणीत दळण. बाजरी ५ किलो, ज्वारी ५. पुढं एक म्हातारबाबा नंबर लावून होते. गिरणीवाला विचारत होता, आज तुम्ही कसं काय आलात. ते म्हणाले, "मंडळीचं गुडगं धरल्यात, म्हून म्या आलो."

मी डबा खाली ठेवला.

मंडळी! मंडाली नव्हेच. इंग्रजीत ळ कुठून येणार? मामा अजून तेच म्हणतात. पावणे आले की "मंडळीला च्या टाकाया सांग." आत्यांचं नाव त्यांनी घेतलेलं मी बावीस वर्षांत ऐकलेलं नाही. एकदाही नाही.

गिरणीवाला म्हणाला, वहिनी, एकट्याच काय हसताय. पीठ ऊन ऊन घेऊन पळतच आले. रस्त्यात कुणी बघितलं असेल तर असू दे.

१५ नोव्हें., शुक्र. त्रिपुरी पौर्णिमा.

काल आत्यांना सांगितलं, आज दोघींनी मिळून मामांना धरलं. ओसरीवर लसूण सोलत होते.

सगळं कळलं. एकाहत्तर साली वैशाखात लग्न, रजा संपली, परत पलटणीत. लढाईच्या तोंडावर सगळ्यांना रांगेत उभं करून लिहून घेतलं, कुणाला काही झालं तर कळवायचं कुणाला. क्लार्क हिंदी बोलणारा. घरवाली का नाम बोलो. मामा बावीस वर्षांचे. "चारचौघात बायकूचं नाव कसं घ्यायचं? मी म्हनलं, मंडळी हाय की सायेब घरी. त्यानं लिवलं. मागं धोंडू उभा, त्यो लागला फिदीफिदी हसाया. त्या दिसापासनं आख्खी कंपनी मला मंडळी म्हनायची. चल रं मंडळी. उठ रं मंडळी."

आत्यांना इतकं हसू आलं की पदर तोंडात धरला. मग चिडल्या. "आन मी चार दिस त्या पंजाबनीचं तोंड आठवीत बसले! तवाच का न्हाई बदाललं?"

"धोंडू म्हनला व्हता, परत आलो की दोघं जाऊ, मी सांगतो सायबाला."

"मग?"

मामा लसूण सोलत राहिले.

मी विचारलं, धोंडू कोण? "व्हता एक. सातारकडचा."

संध्याकाळी तुळशीपाशी पणत्या लावल्या आणि अंधार पडायच्या आत दार लावलं. खालच्या मळ्यात बिबट्याच्या मादीच्या पायांचे ठसे दिसलेत. पिल्लं आहेत म्हणतात.

३ डिसेंबर, मंगळ.

जुन्नर, तहसील कचेरी. प्रतिज्ञापत्र. "मंडळी ऊर्फ यशोदा ही एकच व्यक्ती" असं. हे, मी, मामा, आत्या. मामांनी इस्त्रीचा सदरा, पदकं घालू का विचारलं. घातली नाहीत, खिशात घेतली.

सही करणाऱ्या मॅडम तरुण, बोलायला चांगल्या. म्हणाल्या, आजोबा, मी विचारते, तुम्ही तोंडानं सांगायचं. पलटणीचा नंबर? मामांनी बसल्या जागी ताठ होऊन घडाघडा सांगितला. भरती कधी, बंदूक कुठली, बंदुकीचा नंबरसुद्धा, तो कुणी विचारलाच नव्हता.

"पत्नीचं नाव?"

मामांनी सदऱ्याची कॉलर नीट केली.

मॅडमना वाटलं ऐकू आलं नाही. मोठ्यानं विचारलं. मामा खिशातली पदकं चाचपू लागले. मॅडम हळूच ह्यांना म्हणाल्या, "यांना आठवत नाही का? तसं असेल तर मला सही करता यायची नाही. माणूस शुद्धीत पाहिजे." बंदुकीचा नंबर आठवतो आणि बायकोचं नाव नाही, असं कागदावर गेलं तर संपलंच.

तिसऱ्यांदा विचारलं. मामा म्हणाले, "आमची मंडळी."

मागं रांगेतले दोघं हसले. मॅडम नाही हसल्या.

तेवढ्यात आत्या उठल्या. भिंतीकडं तोंड केलं, डोक्यावरचा पदर दोन्ही कानांवर घट्ट धरला, आणि तशाच म्हणाल्या, "घ्या आता. मला न्हाई ऐकू येत."

मामांनी त्यांच्या पाठीकडं बघितलं. मग मॅडमकडं. आणि म्हणाले, "यशोदा."

अगदी हळू. मॅडमनी सही केली.

येताना गाडीत आत्या मला म्हणतात, "काय म्हनले गं?" मी म्हटलं, ऐकू आलं नाही ना तुम्हाला? "न्हाई ना. म्हून तर इचारते." खिडकीकडं तोंड करून बसल्या. कान लाल.

मामा एवढंच म्हणाले, "लग्नात तांदळात आंगठीनं लिवलं व्हतं. लिवलं, बोललो न्हवतो."

मी ही वही इतकी वर्षं लिहिते. मागची पानं चाळून बघितली. सगळीकडं "हे" आणि "ह्यांना". नाव एकदाही नाही. आणि मी मामांना हसत होते.

५ डिसें., गुरु.

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, घट मांडला, कहाणी वाचली. पाच फळांऐवजी तीन. देवीला चालतं.

पुण्याहून फोन. माजी सैनिकांचे कागद बघणारे एक निवृत्त सुभेदार आहेत, ह्यांच्या ओळखीतले. म्हणाले प्रतिज्ञापत्र चांगलं झालंय, पण हे नाव मुळात कसं पडलं हे माहीत असलेला, त्या वेळचा पलटणीतला कुणी हयात असेल तर त्याचं लेखी जोडा. त्याशिवाय रेकॉर्ड ऑफिसातून कागद परत यायची भीती. आणि वेळ लावू नका.

वेळ लावू नका. मामांना काल आळेफाट्याला दाखवलं. डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला, फुप्फुसावर डाग आहे म्हणाले, पुण्याला न्या. मामा मला विचारतात, "काय म्हनला?" मी म्हटलं, थंडी संपेस्तोवर जपायचं म्हणाले. ऐकू कमी येतं त्याचा आज पहिल्यांदा उपयोग झाला. देवा माफ कर.

विचारलं, मामा, कंपनीतलं कुणी आहे? "कोन ऱ्हायलंय आता." मग थोड्या वेळानं, "येक आसंल तर धोंडू."

आसंल तर. मला वाटत होतं तो लढाईत गेला.

७ डिसें., शनि. चंपाषष्ठी.

भरीत, रोडगा, खंडोबाला नैवेद्य. आत्या तळी भरायला देवळात. घरात मी आणि मामा, मी कांद्याची पात निवडत होते. आपणहून बोलले. जसं आठवतंय तसं उतरवते.

"तिकडं पूर्वेला निस्ती भाताची खाचरं. आपल्या घाटघरला हायेत ना, तशी. बांध आन पानी, बांध आन पानी. सकाळचं धुकं. हुकूम झाला तसं ह्या बांधावनं त्या बांधावर पळायचं. पडला त्याच्यापाशी थांबायचं न्हाई. मागनं स्ट्रेचरवालं येत्यात, त्येंचं काम त्ये. आपुन थांबलो तर मागची रांग थांबती, आन रांग थांबली की समदी मरत्यात. ह्ये शिकवल्यालं आसतं."

पात निवडायची थांबवली मी.

"धोंडू माझ्या उजव्या हाताला. आवाज झाला. बघितलं तर त्यो चिखलात. पाय न्हवता जाग्यावर. वरडला, मंडळी, थांब रं! थांब! दोनदा. मला ऐकू आलं. तवा कान चांगलं व्हतं."

"मग?"

"मग काय. न्हाई थांबलो."

म्हटलं, मामा, हुकूमच तसा होता. "व्हय. हुकूम व्हता." आणि परत खोकला सुरू झाला.

म्हणून नाव कधी बदललं नाही. धोंडूबरोबर जायचं ठरलं होतं, आणि त्या नावानं शेवटची हाक ती.

धोंडू वाचला. पाय गुडघ्याखाली गेला, फौजेतून घरी गेला. त्याचं एक पत्र आलं होतं. मामा म्हणाले ट्रंकेत आहे. मी विचारलं, काय लिहिलं होतं?

"फोडलं न्हाई."

११ डिसें., बुध. एकादशी.

मामांनी स्वतः ट्रंक उघडली. पदकांच्या डबीखाली, निळं आंतर्देशीय. घडीवर पिवळं पडलेलं, डिंक धरलेला. टपालाचा शिक्का पुसलाय. मागं पत्ता, ता. माण, जि. सातारा. गावाचं नाव स्वच्छ वाचता येतं. मामा म्हणाले, "तू वाच. मला दिसत न्हाई." दिसतं. पंचांग वाचतात.

चहाच्या वाफेवर धरून सोडवलं, कडा ब्लेडच्या पात्यानं कापली. अक्षर शिंप्याच्या टाक्यासारखं बारीक. खाली जसंच्या तसं.

"प्रिय मंडळी यास रामराम. मी घरी पोचलो. उजवा पाय गेला, लाकडाचा बसवला आहे, उन्हात चावतो. हाताचे शिवणयंत्र घेतले. गावात लग्नसराईत काम मिळते. तुला काही लागले नाही असे दवाखान्यात कळले, फार बरे वाटले. मी एवढा थांब थांब म्हणून ओरडलो, पुढे सुरुंगाची रांग दिसत होती, तू ऐकले नाहीस. बहिरा तो बहिराच. देवाने तुला तारले. वहिनीचे नाव दुरुस्त केले का? साहेबाला सांगायचे माझ्याकडे होते, राहून गेले. तुझे काही पत्र नाही. रागावला आहेस का? उलट टपाली कळव. धोंडू."

वाचून झालं. मामा म्हणाले, "परत वाच. थांब पासनं."

परत वाचलं.

"सुरुंगाची रांग म्हनतोय?"

हो म्हटलं. सुरुंग पुढं होते म्हणून थांब म्हणत होते ते.

"आन मी तसाच गेलो." आपल्या पायांकडं बघत होते. दोन्ही पायांकडं. मग उठून नळावर गेले आणि हात धूत राहिले. पाणी वाया चाललं होतं, बोलले नाही.

आत्या दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "मला म्हनला व्हतात सरकारी कागद हाय. बिन फोडता ठिवलात? कसलं मानूस तुमी." आणि मग आत जाऊन शेंगदाण्याचा लाडू आणून त्यांच्या ओल्या हातावर ठेवला. एकादशीला चालतो तो.

१३ डिसें., शुक्र.

पत्राचं सुरू आहे. ह्यांनी फोनवरून त्या गावात चौकशी करू म्हटलं. मामा म्हणाले, "न्हाई. पत्राला पत्र." पत्ता तरी कितीसा खरा उरला असेल. माणूस आहे की नाही तेही माहीत नाही.

मी कागद घेऊन बसले, मामा सांगतायत, मी लिहितेय. सुभेदारांनी सांगितलेलं मी शेवटी घालायचं ठरवलं, चार ओळी, "यशोदा व मंडळी एकच, असे आपल्या सहीने लिहून द्यावे." मामांनी हात वर केला.

"त्ये नगं."

मी म्हटलं, मामा, त्यासाठीच तर. परत दुसरं पत्र, परत वाट बघायची, थंडीचे दिवस.

"येवढ्या वर्सांनी पत्र टाकायचं आन काम सांगायचं? त्यो काय म्हनंल, गरज पडली म्हून आठवला. आदी खुशाली. मग बघू."

ह्यांनाही मधे घातलं. हे म्हणाले, दादा, आईसाठी. मामा खोकत राहिले, मान हलवत राहिले. नको. मला राग आला, खोटं कशाला लिहू. डाग असलेला फोटो कपाटात आहे आणि मामांना मानापमान. आत्यांचं काय होणार मग, आमच्याकडं त्या उपाशी राहणार नाहीत हे खरं, पण त्रेपन्न वर्षं ज्याची बायको म्हणून काढली त्याच्या कागदावर आपण नाही, असं घेऊन बसायचं का त्यांनी?

आत्यांनाच विचारलं. तुम्ही सांगा त्यांना. तुमचं आहे हे.

आत्या वाल सोलत होत्या. म्हणाल्या, "माझं नाव त्यांनी त्या बाईसमोर घेतलं. मी ऐकलं." शेंग सोलली. "आता त्यांचं त्यांला लिवू दे. तू मधी नगं येऊस."

तेव्हा ऐकलं होतं तर!

चार ओळी खोडल्या. मग खाडाखोड दिसायला नको म्हणून पूर्ण पत्र दुसऱ्या कागदावर. एक कागद वाया.

१४ डिसें., शनि. दत्तजयंती.

सकाळी दत्ताच्या देवळात नारळ. तिथूनच पोस्टात. मामा चालत आले, मधे दोनदा बसले. मी साधं तिकीट म्हणत होते, त्यांनी रजिस्टर करायला लावलं. आत उत्तरासाठी कोरं पाकीट, आमचा पत्ता घालून, तिकीट लावून. म्हणाले, त्याला उठून पोस्टात जायला नको, पाय न्हाई त्याला. पत्र त्यांनी स्वतः पेटीपाशी नेलं, मी सांगितलं रजिस्टर खिडकीत देतात, मामा. खिडकीत दिलं. पावती घडी करून पदकांच्या डबीत.

पत्र उतरवून ठेवते, पुढंमागं लागलं तर.

"श्री. प्रिय धोंडू, रामराम. तुझं पत्र पोचलं होतं. मी ते परवा फोडलं. सुनेकडून लिहवून घेतोय, अक्षर तिचं आहे, बोलणं माझं.

तू थांब म्हणालास ते मला ऐकू आलं होतं. मी बहिरा नव्हतो. मला वाटलं तू मला बोलावतोस, आणि मी आलो नाही. सुरुंगाचं मला ठाऊक नव्हतं. एवढं तुला सांगायचं होतं.

आता खरंच बहिरा झालोय. पेन्शन घेऊन गावी आहे. दोन मुली दिल्या घरी, मुलगा शेती बघतो. यंदा कांदा चांगला आहे. खोकला आहे. मंडळी बरी आहे, तिचं नाव यशोदा. तुझ्या यंत्राचं काय झालं? लाकडी पाय अजून उन्हात चावतो का?

मी रागावलो नव्हतो. तू रागावला आहेस का? आत पाकीट घातलं आहे, त्याला तिकीट लावलेलं आहे. तू नसलास तर घरातल्या कुणी लिहावं. असलास तर तू लिही. दोन ओळी चालतील. उलट टपाली कळव."